जुनी थार घ्यायची आहे? चंद्रपूर-गडचिरोलीत तिची योग्य किंमत अशी काढा

स्पोर्ट्स कार म्हटलं की जमिनीला टेकलेली, दोन दारांची गाडी डोळ्यासमोर येते. आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला ती गाडी निघाली तर पहिल्याच खड्ड्यात पोट घासेल. आपल्याकडे शौकाची गाडी म्हणजे महिंद्रा थार. २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या नव्या थारच्या पहिल्या खेपेतल्या गाड्या आता बाजारात भरपूर दिसतात. प्रश्न एवढाच, की समोरचा साडेदहा लाख म्हणतोय ते बरोबर की जास्त?

सगळ्यात आधी लोक इन्शुरन्स पॉलिसीवरची आयडीव्ही बघतात. तिचा तक्ता ठरलेला आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पण हा तक्ता अल्टोलाही तोच आणि थारलाही तोच. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी किती देईल, एवढंच तो सांगतो. मागणी असलेली फोर बाय फोर त्याच्या वर विकली जाते, म्हणून आयडीव्ही दाखवून भाव पाडायला गेलात तर विकणारा हसेल. उलट, डीलर तीच आयडीव्ही पुढे करून तुमची गाडी स्वस्तात मागत असेल तर तुम्ही हसा.

ॲपचा आकडा कुठून येतो?

जुन्या गाड्यांची ॲप मॉडेल, वर्ष, किलोमीटर, मालक कितवा आणि शहर एवढी माहिती घेऊन तशाच इतर गाड्यांवरून अंदाज बांधतात. जितक्या जास्त गाड्या, तितका अंदाज बरा. पुण्यात हे जमतं. गडचिरोलीत एका मॉडेलच्या दोन-तीन गाड्याही विकायला नसतात, मग आकडा नागपूरचा किंवा आणखी लांबचा धरावा लागतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. जाहिरातीत दिसते ती मागितलेली किंमत, विकली गेलेली नाही. शिवाय चांगली आणि रास्त भावाची गाडी दोन दिवसांत जाते, महाग लावलेली महिनाभर तशीच पडून राहते. त्यामुळे तुम्ही कोणत्याही दिवशी यादी उघडा, तुम्हाला महाग गाड्याच जास्त दिसणार. म्हणून नागपूर-चंद्रपूर भागातल्या एकाच प्रकारच्या दहा-बारा जाहिराती निवडा, किमती चढत्या क्रमाने लावा आणि मधली किंमत धरा. सरासरी काढू नका, एखादा हौशी पंधरा लाख लावून बसलेला असतो आणि तो सगळं वर ओढतो. पंधरा दिवसांनी त्याच जाहिराती परत बघा. ज्या गेल्या, त्यांचा भाव खरा होता असं समजायला हरकत नाही.

थार दिसते तशी असेलच असं नाही

जानेवारी २०२३ पासून मागची चाकंच फिरवणारी, म्हणजे फोर बाय फोर नसलेली थारही मिळते. बाहेरून ती जवळपास तशीच दिसते आणि किमतीतला फरक मोठा आहे. डिझेल असेल तर आरसीवरची इंजिन क्षमता बघा: १४९७ सीसी म्हणजे टू व्हील, २१८४ सीसी म्हणजे फोर बाय फोर. पेट्रोलला हा उपाय चालत नाही, दोन्हीकडे १९९७ सीसीच असते. तिथे गिअरशेजारी दुसरा छोटा दांडा आहे का ते बघायचं. असेल तर मोकळ्या मातीवर फोर लो लावून गाडी हळू चालवून बघा. शहरात वापरलेल्या कित्येक थारचा हा दांडा कधी हललेलाच नसतो.

किलोमीटरवर किती विश्वास ठेवायचा?

इथे आपल्या दोन जिल्ह्यांची गोष्ट वेगळी आहे. घुग्घुस-बल्लारपूरच्या कोळसा पट्ट्यात किंवा सुरजागडच्या बाजूला चाललेली गाडी ट्रकांच्या मागे रांगेत उभी असते. इंजिन चालू, मीटर बंद. ४० हजार किलोमीटर ताशी ५० च्या सरासरीने झाले तर इंजिन ८०० तास चाललं. तेच ताशी २० ने झाले तर २००० तास. मीटर दोन्हीकडे तोच आकडा दाखवतो! म्हणून एअर फिल्टरचा डबा उघडायला लावा. फिल्टरच्या आतल्या, स्वच्छ बाजूला काळी किंवा लाल धूळ दिसली तर ती इंजिनात गेली आहे. मी अशी गाडी कोणत्याच भावाला घेणार नाही.

मोठे टायर लावलेली थार तर सर्रास दिसते. टायर मोठा झाला की त्याच अंतरात चाक कमी वेळा फिरतं आणि मीटर कमी धावतो. कंपनीचा टायर साधारण ३१ इंचाचा, त्या जागी ३३ इंचाचा असेल तर मीटरवरचे ६० हजार म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ६४ हजार. लिफ्ट किट, लाइटबार, जाड बंपर यांवर मालकाने लाखभर घातले असतील, तुम्ही त्याचा एक रुपयाही धरू नका. आरसीत नसलेले बदल पुढे तुमच्याच डोक्याला ताप होतात.

मीटर मागे फिरवलाय का, हे ओबीडीच्या स्वस्त ब्लूटूथ रीडरने थेट कळत नाही, पण एक सुगावा मिळतो. एरर कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, हे ईसीयू सांगू शकतो. तो आकडा १२ आला तर कोणीतरी आज सकाळीच काहीतरी पुसून ठेवलंय. खरी वहिवाट मात्र अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत सापडते, तिथे प्रत्येक भेटीचे किलोमीटर असतात.

पूर आणि विमा

जुलै २०२२ ला वर्धा आणि इरई नद्यांचं पाणी चंद्रपूरच्या वस्त्यांत शिरलं होतं, आणि भामरागडला पर्लकोटेचं पाणी जवळपास दर पावसाळ्यात चढतं. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सगळे गालिच्याचा वास घ्यायला सांगतात. थारमध्ये हे फसवं ठरू शकतं, कारण तिच्या काही प्रकारांची फरशी धुण्यासारखी असते, खाली पाणी सोडायची बुचं असतात. त्यापेक्षा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि चिखलाची रेघ शोधा. फ्यूज बॉक्समधले हिरवट पडलेले पितळी टोकही बघा.

जुनी पॉलिसी मागा. तीन वर्षं दावा केला नसेल तर नो क्लेम बोनस ३५ टक्के, चार वर्षांना ४५. एकाच मालकाच्या चार वर्षांच्या गाडीवर शून्य दिसत असेल तर मध्ये दावा झालाय किंवा विमा तुटलाय. कशामुळे, ते विचारायचं.

आता हिशोब

समजा मधली किंमत १० लाख ६० हजार निघाली. टायर झिजलेत, पाचही बदलायला दुकानदार ६० हजार सांगतो. क्लच आणि राहिलेली सर्व्हिस मिळून मेकॅनिक ४० हजार धरतो. उरले ९ लाख ६०. बोलणी इथून सुरू करा, आणि कागद हातात ठेवून करा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलून नव्या थारच्या किमती उतरल्या, त्यामुळे त्याआधीच्या जाहिरातींचे भाव आता जुने झाले.

राजुरा किंवा सिरोंचाकडच्या लोकांना पलीकडची टीएस किंवा टीजी नंबरची गाडी स्वस्त वाटते. तिला तिकडची फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. नव्या डिझेल गाडीला तो १० ते २० लाखांच्या गटात १४ टक्के आहे, जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो. चंद्रपूर (एमएच-३४) किंवा गडचिरोली (एमएच-३३) आरटीओत नेमकी रक्कम विचारा आणि ती किमतीत मिळवूनच तुलना करा. कर्ज बाकी असेल तर बँकेचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

जिप्सीचं गणित निराळं

ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटवर ज्या मारुती जिप्सी दिसतात, त्यांना यातलं बरंचसं लागू होत नाही. १९८५ ला आलेली ही गाडी २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. नवी मिळत नाही, सफारीवाल्यांना हवी आहे, म्हणून वय वाढलं तरी भाव हवा तसा उतरत नाही. तिथे वर्षापेक्षा चेसिसचा गंज बघा, आणि आरसीला १५ वर्षं होत आली असतील तर नूतनीकरणाचे ५ हजार, हरित कर आणि फिटनेस धरा. २० वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून हेच शुल्क १० हजार झालं आहे. पिवळी पाटी असेल तर परमिट आणि टॅक्सचा हिशोब विकणाऱ्यानेच मिटवून द्यायचा, हे बयाणा देण्याआधी लिहून घ्या.