न विचारलेले दुखणे

यवतमाळच्या कापूसपट्ट्यात वेचणीच्या दिवसांत ‘कंबर लागली’, ‘ओटीपोटात दुखतं’ हे बायका एकमेकींना सांगतात, डॉक्टरांना क्वचितच. वाकून काम केले की दुखायचेच, असा सगळ्यांचा समज. मग यात श्रम किती आणि आजार किती, हे कळणार कसे?

या प्रश्नाच्या जवळ जाणारे काम विदर्भातच झाले. यवतमाळहून पूर्वेला निघून आधी वर्धा नदी आणि मग वैनगंगा ओलांडली की गडचिरोली येते. तिथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६च्या सुमारास ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तोवर स्त्रीरोगांचे आकडे यायचे ते बहुधा दवाखान्यांतून, म्हणजे जी आली तीच मोजली जायची. जी आलीच नाही तिचे काय? बंग दांपत्याने वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांना, तक्रार असो वा नसो, प्रश्न विचारले आणि तपासले. प्रयोगशाळेतल्या चाचण्याही केल्या. शोधनिबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

तक्रार होती ५५ टक्के स्त्रियांची. आजार सापडले ९२ टक्क्यांमध्ये, सरासरी प्रत्येकीला ३.६. पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. टक्केवारी शिकवताना हे आकडे फळ्यावर लिहून पाहावेत. तक्रार नाही म्हणजे आजार नाही, हे गृहीत तिथेच मोडते. निम्मे आजार संसर्गाचे होते. संसर्ग उपचाराविना गर्भनलिकांपर्यंत चढला, तर ओटीपोटातली ठणक वर्षानुवर्षे राहू शकते. अर्थात यादीतला प्रत्येक आजार गंभीर नव्हता, आणि इतर प्रदेशांतल्या पुढच्या पाहण्यांत प्रमाण बरेच वेगवेगळे आले.

पण दवाखान्यात पोचले म्हणजे योग्य उपचार मिळतोच असे नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांवरून ओरड झाली, तेव्हा २०१९ साली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. कित्येकींची मूळ तक्रार पोटदुखी किंवा अंगावरून पांढरे जाणे एवढीच होती.

सहा महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकात जुनाट म्हणतात. त्याचे मूळ आतड्यांत, मूत्राशयात, स्नायूंत किंवा मज्जातंतूंतही असू शकते. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढले (याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात), तर सोनोग्राफीत पुष्कळदा काहीच दिसत नाही. अशा वेळी गर्भाशय काढूनही दुखणे उरू शकते. म्हणून डॉक्टरांनी आधी विचारायचे असते: कधीपासून दुखते? पाळीच्या आधी, पाळीत की एरवीही? लघवीला, शौचाला, संबंधाच्या वेळी? बाईने हे आपल्याच शब्दांत महिना-दोन महिने लिहून नेले, तर निदानाला मोठी मदत होते. दर महिन्याला ठरावीक दोन दिवस गैरहजर राहणारी मुलगी तर आपल्या हजेरीपटावरच दिसते. तिला शाळेतल्या बाईंनी बाजूला घेऊन विचारायला हरकत नाही.