नावेचा मीझान

कोकणातल्या दर्यावर्दी भाषेत फार्सी-अरबी शब्द किती मुरले आहेत, हे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना रोज जाणवतं. बंदर, लंगर, खलाशी हे शब्द तर सगळ्यांचेच झाले. नाखवा हा फार्सीतला नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. जुन्या गलबतांवर वाट दाखवणारा मालिम असे, तो अरबीतला मुअल्लिम. मुअल्लिम म्हणजे शिक्षक. समुद्रावरच्या जाणकाराला आपल्या लोकांनी शिक्षकाचा हुद्दा दिला होता, हे माझ्यासारख्या मास्तराने विसरू नये.

या जाणकाराचं पहिलं ज्ञान तोलाचं. आज ते आठवण्याचं कारण अगदी साधं आहे. छोट्या होडीच्या मागच्या फळीवर दरवेळी आधीपेक्षा जड मशीन चढतं आणि होडी मात्र तीच राहते.

तोलाचा हा विचार जुना आहे. तरंगणाऱ्या वस्तूंचे नियम आर्किमिडीजने मांडले. अरबी भाषेत ते पुढे वाढले. मर्व शहरात राहणारा अल-खाझिनी मूळचा गुलाम होता. त्याने 1121 च्या सुमारास ‘मीझान अल-हिकमा’ हा ग्रंथ लिहिला. मीझान म्हणजे तराजू. त्यात वजनाचा मध्य, धातूंची घनता आणि पाण्यात तरंगणं यांची चर्चा आहे. पुढे 1746 मध्ये पिएर बूगे या फ्रेंच विद्वानाने जहाज किती कललं तर परत सरळ होईल, याचं गणित मांडलं. साध्या भाषेत सांगायचं तर वजन जितकं खाली आणि बूड जितकं रुंद, तितकी नाव लवकर सावरते.

आमच्या किनाऱ्यावर हे गणित कागदावर नव्हतं, लाकडात होतं. रत्नागिरी-मालवणकडच्या अरुंद होडीला बाजूला दोन आडव्या दांड्यांवर एक ओंडका बांधतात, त्याला उलांडी म्हणतात. होडी उलंडू नये म्हणून उलांडी. हे दोन शब्द शेजारी ठेवले की मजा वाटते. जेम्स हॉर्नेल या इंग्रज अभ्यासकाने 1920 मध्ये भारतीय होड्यांवर मोठा निबंध लिहिला. त्यात अशा होड्यांची दखल आहे. 1880 च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये मुसलमान मच्छीमार दालदींची नोंद सापडते. कोळी, गाबीत, खारवी, भोई आणि दालदी यांचे देव-धर्म वेगळे असतील, पण होडी तोलायची रीत एकच. शीड भरलं की माणसं वाऱ्याच्या बाजूला सरकायची, रिकाम्या होडीच्या तळाशी दगड ठेवायचे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत राजे आणि लढाया भरपूर आहेत, हे शहाणपण मात्र शोधावं लागतं.

मग इंजिन आलं. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने अमेरिकेत 1909 मध्ये होडीच्या मागे अडकवायचं मशीन विकायला सुरुवात केली. ते दीड अश्वशक्तीचं होतं आणि वजन सुमारे 28 किलो. आपल्याकडे 1953 मध्ये केरळात नींडकरा इथे भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला, तेव्हा मच्छीमारी यंत्रावर नेण्यासाठी नव्या घडणीच्या बोटी बांधाव्या लागल्या. 1980 नंतरच्या दशकात रॉकेलवर चालणारी आउटबोर्ड मशीनं केरळच्या पारंपरिक होड्यांवर झपाट्याने पसरली. आता टू-स्ट्रोकच्या जागी फोर-स्ट्रोक येतंय. ते तेल कमी पितं, धूर कमी करतं, पण तेवढ्याच ताकदीला साधारणपणे जास्त जड असतं.

जड मशीनने नेमकं काय होतं? समजा नवं मशीन जुन्यापेक्षा 20 किलोने जड आहे आणि होडीच्या मध्यापासून अडीच मीटर मागे आहे. वीस गुणिले अडीच, म्हणजे 50. हा तोल पुढे आणायचा तर 25 किलोची तेलाची टाकी दोन मीटर पुढे सरकवावी लागेल. पंचवीस गुणिले दोन, पुन्हा 50. सी-सॉवर बसलेली पोरंसुद्धा हे गणित करतात.

पण इथे दोन गोष्टी निसटतात. पहिली, होडी सपाट झाली तरी 20 किलोचा भार वाढलेलाच असतो. काठ पाण्याच्या तेवढा जवळ आला. पुढे दगड टाकून तोल साधला तर तो आणखी जवळ येतो. म्हणून आधी आतलंच सामान हलवावं, नवं वजन शेवटी. दुसरी, टाकी येताना रिकामी झालेली असते. जाताना साधलेला तोल परतताना मागे झुकतो, आणि खाडीच्या तोंडाशी लाट मागूनच येते. वेगात असताना मशीन एकदम बंद केलं तरी होडीचीच लाट मागच्या फळीवरून आत येऊ शकते. त्यामुळे परतताना मासळी आणि बर्फ मध्यापासून थोडं पुढे, खाली आणि बांधून ठेवणं शहाणपणाचं. सुटं वजन सगळ्यात वाईट.

सुटं वजन काय करतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट लाटेने कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. 1183 मध्ये हजला निघालेला प्रवासी इब्न जुबैर लाल समुद्रावरच्या ऐझाब बंदरातली तक्रार लिहून गेला आहे. एकाच फेरीत नावेची किंमत वसूल व्हावी म्हणून मालक हाजींना दाटीवाटीने कोंबतात, अशी ती तक्रार. साडेआठशे वर्षं झाली, लोभ बदललेला नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मशीन विकणारा अश्वशक्ती मोठ्या अक्षरांत सांगतो. त्याला वजन विचारा, आणि तुमच्या होडीची मागची फळी किती भार पेलते ते बांधणाऱ्याला विचारा. मदत योजनेतून मशीन मिळत असेल तरी हे दोन प्रश्न सोडू नका. मशीन चढवल्यावर पहिली फेरी शांत पाण्यात, थोड्या माणसांनिशी करा आणि काठ पाण्यापासून किती वर राहतो ते टेपने मोजा. घरातल्या जुन्या माणसाला किनाऱ्यावर उभं करून नुसतं बघायला सांगा. त्याने अल-खाझिनीचं नावही ऐकलं नसेल. पण होडी मागे बसली आहे, हे तो लांबूनच सांगेल. आपला मुअल्लिम तोच आहे.