पाळी आली की पोट का बिघडतं? एका जुन्या तक्रारीचा इतिहास

नांदेड असो की लातूर, ओपीडीत एक तक्रार बायका अगदी शेवटी, उठता उठता सांगतात. "डॉक्टर, पाळीच्या आधी चार दिवस पोट साफ होत नाही, नुसतं फुगतं. आणि पाळी आली की जुलाब." सोबतच्या सासूबाई लगेच म्हणतात, "त्यात काय, सगळ्यांनाच होतं." दोघींचंही खरं आहे. हा त्रास बऱ्याच जणींना होतो, आणि तरीही तो डॉक्टरांना सांगायलाच हवा. का, ते समजायला थोडा इतिहास बघू या.

आजीला काय ठाऊक होतं?

पाळीत पोट दुखलं की आपल्याकडे ओवा, हिंग, शेपा आणि पोटाला शेक. यातले ओवा-हिंग हे मुळात गॅसवरचे उपाय. म्हणजे पाळी आणि पचन यांचं नातं आहे, हे घराघरात माहीत होतं. आयुर्वेदातही मल, मूत्र, अधोवायू, पाळीचा स्राव आणि गर्भ बाहेर टाकण्याचं काम एकाच अपान वायूकडे दिलेलं आहे. चरकसंहितेत दुखत येणाऱ्या पाळीच्या एका विकाराला 'उदावर्तिनी' म्हटलंय, आणि मल-वायू अडून उलटा फिरतो त्या पोटाच्या विकाराचं नावही तसंच, 'उदावर्त'. कारणमीमांसा आजची नव्हे, पण निरीक्षण अचूक आहे.

मग "मनाचे खेळ" कुठून आलं?

युरोपात बाईच्या अनेक तक्रारींना 'हिस्टेरिया' म्हणायची पद्धत होती. हा शब्दच गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाळीतलं दुखणं मानसिक आहे, लग्न झालं की थांबेल, असं सांगणारे डॉक्टर कमी नव्हते. आपल्याकडे तर पाळीचा विषयच विटाळाचा. तपासायचं कुणी आणि सांगायचं कुणाला?

शेफील्डमधला शोध

१९५७ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड इथं व्हर्नन पिकल्स या शास्त्रज्ञाने पाळीचा स्रावच प्रयोगशाळेत तपासला. त्यात स्नायू आकसवणारं काहीतरी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे कळलं की ती प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं आहेत. १९६५ मध्ये पिकल्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांची पाळी फार दुखते, त्यांच्या स्रावात ही द्रव्यं जास्त असतात. म्हणजे दुखणं मनात नव्हतं, ते मोजता येत होतं.

आता आतड्याचा भाग. १९६८ साली युगांडातल्या कंपाला इथं सुलतान करीम यांनी प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून प्रोस्टाग्लँडिन शिरेतून दिलं. पुढे हे औषध जगभर वापरात आलं, तेव्हा गर्भाशय आकसायचं, पण बऱ्याच बायकांना उलट्या आणि जुलाबही व्हायचे. कारण साधं आहे: आतड्यालाही गर्भाशयासारखाच आपोआप आकसणारा स्नायू असतो. एकाला मिळालेला निरोप शेजाऱ्यालाही ऐकू जातो. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत तुमच्या पोटात हेच घडतं.

पाळीच्या आधीच्या दिवसांत मात्र प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं असतं. ते स्नायू सैल ठेवतं, म्हणून आतड्याची चाल मंदावून पोट फुगतं, शौचाला घट्ट होतं. पाळी आली की ते उतरतं आणि प्रोस्टाग्लँडिन चढतं. आधी बद्धकोष्ठ आणि मग जुलाब, ते असे.

१९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात. मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी पाळीत चालते ती यामुळेच. या संशोधनाला १९८२ साली नोबेल मिळालं, म्हणजे लातूर स्वतंत्र जिल्हा झाला त्याच वर्षी.

मग आपल्याकडे काय झालं?

शोध लागला, पण विचारणारं कुणी नव्हतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

२०१९ मध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. फडावर एक खाडा पडला तरी पैसे कापले जातात, तिथं पाळी ही अडचणच ठरते. नांदेडच्या मुखेड-कंधारकडूनही टोळ्या जातात, त्यामुळे ही गोष्ट परक्याची नाही. यातलं प्रत्येक ऑपरेशन पोटदुखीसाठी झालं असं नाही. पण "ओटीपोट दुखतंय, पिशवी खराब आहे, काढून टाका" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. दुखणं आतड्याचं असेल, तर पिशवी काढूनही ते तसंच राहतं. विनाकारण होणाऱ्या या शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना सांगितलं.

तुम्ही काय कराल?

- तीन महिने कालनिर्णयवर खुणा करा: पाळीचा दिवस, दुखण्याचा दिवस, पोट बिघडल्याचा दिवस. तो कागद घेऊन दवाखान्यात या. पुष्कळदा निदान त्या कागदातच असतं.
- पाळीआधी पाणी, भाज्या आणि फळं वाढवा, मीठ आणि तळलेलं कमी करा. शेक आणि ओवा चालेल.
- गोळी जेवणानंतरच घ्या. अल्सर, दमा, किडनीचा आजार असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर विचारल्याशिवाय घेऊ नका.
- शौचातून रक्त, पाळीत शौचाला बसताना तीव्र कळ, वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यापैकी काही असेल तर थांबू नका. कधी गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर आतड्यावर वाढतो (एंडोमेट्रिओसिस), तो वेळेत शोधावा लागतो.
- कुणी पिशवी काढायला सांगितली, तर कारण विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सरकारी रुग्णालयातही ते मिळतं.

आणि सासूबाई, पुढच्या वेळी सून म्हणाली "पाळीत पोट बिघडतं", तर तिला आधी ओव्याचं पाणी द्या आणि मग विचारा, "कधीपासून गं?"