एकगठ्ठा गिऱ्हाईक

आमच्या घरात टेलिफोनचा इतिहास तुरीच्या भावातून सांगितला जाई. भालकीची तूर गुलबर्ग्याच्या आडतीवर जायची आणि आजोबा ट्रंक कॉल लावून पोस्टाच्या बाकावर बसायचे. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. "आठपट मोजायचे, अन् कळेपर्यंत भाव उतरलेला असायचा की रे!" हे सांगताना त्यांना रागापेक्षा हसूच जास्त यायचं. त्यांच्या जुन्या वह्या निजामाच्या हाली सिक्क्यातल्या. सात हाली म्हणजे सहा कलदार, इंग्रजी रुपये, हे गणित म्हातारपणीही तोंडपाठ.

सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थानावर पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामी संपली. त्याच साली बंगळुरात इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय, निघाली. तिच्याशी आमचा संबंध जोडला तो १ नोव्हेंबर १९५६नं. भाषावार राज्यरचनेत आमचा बीदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद म्हैसुरात आले. आत्याचं सासर एका रात्रीत परराज्य झालं, आणि थोरल्या काकांनी नोकरीसाठी मुंबईऐवजी बंगळूरची वाट धरली. दूरवाणीनगरात आयटीआयमध्ये लागले.

दिवाळीला आले की काका स्ट्राउजर एक्स्चेंजची खडखड तोंडानं काढून दाखवायचे. १९६४मध्ये बेल्जियमच्या कंपनीशी करार होऊन पेंटाकॉन्टा क्रॉसबार आलं, त्याची गोष्ट तर दरवर्षी व्हायची. युरोपात घरचा फोन घरापुरता. आपल्याकडे एका फोनवर अख्खी गल्ली. एवढे कॉल त्या यंत्राला पेलेनात. शिव्या मात्र लाइनमनला!

पण काकांचं खरं दुखणं वेगळं होतं. माल बनवणारं सरकार आणि घेणारंही सरकार. डाक-तार खात्याची ऑर्डर आली की कारखान्यात गडबड, नाही आली की सुस्ती. आजोबा ऐकून म्हणायचे, "म्हणजे एकाच आडत्याला माल घालणारा कास्तकार. भाव तो ठरवणार, पट्टीही तोच देणार, सवडीनं." शेअर बाजाराचं तोंडही न पाहिलेल्या माणसानं या धंद्याची नाडी एका वाक्यात पकडली होती, असं मला आजही वाटतं. १९९१नंतर हे क्षेत्र खासगी आणि परदेशी कंपन्यांना मोकळं झालं. पुढं देशात फोन कोट्यवधींनी वाढले, आणि २००४ साली आयटीआयचं प्रकरण आजारी कंपन्यांच्या मंडळापुढं गेलं.

गुलबर्ग्याच्या मामांना आजोबांचं हे एकाच आडत्याचं गणित पटायचं नाही. "फोन वाढणार, मग फोनची यंत्रं करणारा बुडेल कसा?" १९९९-२०००ची हवाच तशी होती. शेअर दलाल केतन पारेखच्या लाडक्या शेअरांत हिमाचल फ्युचरिस्टिक ही टेलिकॉम यंत्रं बनवणारी कंपनी होती; भाव अडीच हजारांच्या घरात पोचला होता. ३० मार्च २००१ला पारेखला अटक झाली, तोवर सगळं कोसळलं होतं. मामांनी शेअर घेतले होते दुसऱ्याच एका केबल कंपनीचे, तेही बुडाले. मामी म्हणाल्या, "सर्टिफिकिटं भिंतीला चिकटवा, ओल तरी अडंल."

हे खूळ काही इथलंच नव्हतं. मार्च २०००मध्ये नेटवर्कची यंत्रं बनवणारी अमेरिकेची सिस्को जगातली सर्वांत मोलाची कंपनी ठरली होती. तिच्या यंत्रांवर इंटरनेट चाललं, वाढलं, तरी तो भाव परत गाठायला डिसेंबर २०२५ उजाडला. याच धंद्यातल्या कॅनडाच्या नॉर्टेलनं तर २००९मध्ये दिवाळंच काढलं.

अलीकडचं उदाहरण पुन्हा बंगळूरचंच. सरकारी बीएसएनएलच्या फोर-जीची यंत्रं पुरवण्यासाठी तेजस नेटवर्क्सला २०२३मध्ये सुमारे साडेसात हजार कोटींची ऑर्डर मिळाली. जून २०२४मध्ये शेअर चौदाशेच्या वर गेला. ऑर्डरीचा बहुतेक माल पोचता झाला, आणि २०२५मध्ये भाव निम्म्याहून खाली. कंपनी वाईट असं मी म्हणत नाही. पुढची ऑर्डर कधी निघणार, हे तिच्या हातात नाही एवढंच.

एकाच गिऱ्हाइकाकडून दहा टक्के किंवा त्याहून जास्त उत्पन्न येत असेल, तर कंपनीला ते वार्षिक अहवालात सांगावं लागतं. सेगमेंटच्या टिपणीत ते सापडतं. नेटवर्कवाल्या कंपनीचा शेअर घेण्याआधी तेवढं पान वाचा, बाकीचं नंतर.