पुढची चाकं वाकडी का?

जुना ट्रॅक्टर समोरून नीट पाहा. त्याची पुढची चाकं सरळ उभी नसतात. वरच्या अंगाला ती किंचित बाहेर झुकलेली असतात आणि पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली. नवख्याला वाटतं, कुठे तरी आदळून ॲक्सल वाकला असावा. पण हे वाकडेपण मुद्दाम दिलेलं असतं. त्याची गोष्ट घोडागाडीपासून सुरू होते.

आपल्या बंडीला हा प्रश्न कधी पडला नाही. दोन चाकं, एक कणा; बैल वळले की बंडी वळली. युरोपातल्या चारचाकी घोडागाडीचा पुढचा कणा मात्र मधल्या एका खिळीवर सगळाच फिरे आणि तीव्र वळणावर गाडी कलंडे. म्युनिकचे गाडी-कारागीर लांकेनस्पेर्गर यांनी तोड काढली : कणा जागच्या जागी ठेवायचा आणि प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर वळवायचं. १८१८ मध्ये ॲकरमन यांनी इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि नाव त्यांचंच राहिलं. वळताना आतलं चाक लहान वर्तुळावर चालतं, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. नाही तर चाक फरफटतं. धुऱ्यावर वळताना ओली काळी माती पुढच्या चाकाने लोटली जाते, ती याचमुळे.

ट्रॅक्टरपुढे आणखी एक अडचण होती, पिकाच्या ओळींची. १९२४ मध्ये अमेरिकेत आलेल्या फार्मॉलची पुढची दोन्ही चाकं मध्यभागी जवळजवळ होती. कापसाच्या, मक्याच्या दोन ओळींमधून ती सहज जात. पण उतारावर असा ट्रॅक्टर उलटण्याची भीती अधिक. रुंद ॲक्सल सुरक्षित, मात्र ओळींच्या अंतराप्रमाणे त्याची रुंदी बदलता यायला हवी. हॅरी फर्ग्युसन यांच्या ट्रॅक्टरवर ॲक्सलचे दोन्ही हात मागे झुकवलेले होते आणि प्रत्येक चाकाला स्टिअरिंगचा वेगळा दांडा होता. त्यामुळे रुंदी बदलली तरी चाकांचा कोन बिघडत नसे. साध्या सरळ ॲक्सलवर रुंदी बदलली, की टाय रॉडही नव्याने जुळवावा लागतो.

आपल्याकडे १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि १९६५ पासून मुंबईत कांदिवलीला बी-२७५ तयार होऊ लागला. पुढे ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. महिंद्रचा एक कारखाना आज आपल्या हिंगण्याच्या एमआयडीसीत आहे. पॉवर स्टिअरिंगच्या आधीच्या त्या काळात चालकाच्या मनगटाचे कष्ट कमी करायला हे कोनच होते. चाक ज्या किंगपिनवर वळतं ती किंचित तिरपी असते. त्यामुळे वळताना ट्रॅक्टरचा पुढचा भाग अगदी थोडा उचलला जातो आणि सोडलं की स्वतःच्या वजनाने चाकं पुन्हा सरळ होऊ पाहतात. बाहेर झुकलेलं चाक बाहेर पळू पाहतं. त्याला आवर घालायला पुढून आत वळवलेलं असतं. यालाच मिस्त्री ‘टो-इन’ म्हणतात.

हे सगळं मी सांगतोय, कारण ही यंत्रं अजून चालतात. डवरणीसाठी किंवा काटोलकडच्या संत्राबागेतल्या कामासाठी चाकांची रुंदी बदलली जाते, टाय रॉड मात्र अंदाजाने आवळला जातो. किंगपिनचं बुश झिजलेलं असतं. शेताच्या संथ चालीत काही जाणवत नाही. मग तोच ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली घेऊन कळमन्याच्या बाजाराला निघतो. ट्रॉलीच्या ओढीने पुढची बाजू हलकी होते, चाकं थरथरतात, आणि वळवावं तेव्हा ट्रॅक्टर वळतोच असं नाही. त्यातच शेतात वळायला सोपं जावं म्हणून सुटे ठेवलेले दोन ब्रेक रस्त्यावर जोडायचे राहून गेले, तर एकच दाबला जाऊन ट्रॅक्टर उलटू शकतो.

उपाय स्वस्त आहे. चाकं सरळ करून ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. चाकाच्या मध्याच्या उंचीवर सुतळी धरून दोन्ही चाकांमधलं अंतर आधी पुढून आणि मग मागून मोजा. पुढचं अंतर थोडं कमी भरलं पाहिजे. किती, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. हंगाम सुरू होण्यापूर्वी एवढं मोजायला अर्धा तासही लागत नाही.