उंसाचा रस आणि तांबडा साका

सोलापूर जिल्ह्यांत अकलूजजवळ माळीनगर आहे. सासवडकडील माळी शेतकऱ्यांनीं १९३२ सालीं तेथें साखर-कारखान्याची स्थापना केली. त्याच वर्षीं परदेशी साखरेविरुद्ध देशी धंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला. ज्यानें ऊस पिकविला त्याचाच कारखाना, ही त्या काळीं मोठीच धाडसाची गोष्ट होती.

परंतु ऊस तोडल्यावर फार वेळ थांबत नाहीं. तो पडून राहिला कीं त्यांतील साखर फुटून तिचें ग्लुकोज व फ्रुक्टोज होऊं लागतें. रस जिभेला गोडच लागतो. दाणा मात्र तितका पडत नाहीं. ही चोरी जिभेला कळत नाहीं, ती रसायनशास्त्रज्ञाला पकडावी लागते.

या परीक्षेचा इतिहास जुना आहे. हायड्रोजन काढून घेतलेल्या अल्कोहोलास लीबिग यानें १८३५ सालीं ‘अल्डिहाइड’ हें नांव दिलें. तो पदार्थ रुप्याच्या द्रावणांतून चांदी मोकळी करतो व कांचेवर आरसा धरतो, हेंहि त्याच्या ध्यानांत आलें. १८४१ मध्यें ट्रॉमर यानें रुप्याऐवजीं मोरचूद वापरला. पण अल्कलींत तांबें खालीं बसे. श्टुटगार्टच्या फेलिंग यानें १८४८ च्या सुमारास त्यांत टार्टारिक अम्लाचा क्षार घातला, तेव्हां निळें द्रावण स्थिर राहूं लागलें. त्याला मधुमेह्यांच्या लघवींतील साखर मोजावयाची होती. उंसाशीं त्याचा कांहींच संबंध नव्हता!

ग्लुकोज घालून हें द्रावण उकळलें कीं तांबडा साका पडतो. उंसाची साखर मात्र स्वस्थ राहते; कारण तिच्यांतील दोन्ही घटकांचीं क्रियाशील टोकें एकमेकांत अडकलेलीं असतात. फ्रुक्टोज जातीनें कीटोन असूनहि अल्कलींत रूप पालटून साका पाडतें. तेव्हां ‘अल्डिहाइडची परीक्षा’ हें नांव थोडें फसवेंच म्हणावयाचें.

१९२३ सालीं लेन व आयनन यांनीं साका वजन करण्याची यातायात वांचविली. फेलिंगचें द्रावण उकळत ठेवून ब्युरेटमधून रस सोडावयाचा आणि शेवटीं मेथिलीन ब्ल्यूचा निळा रंग केव्हां नाहींसा होतो तें पाहावयाचें. रस जितका कमी लागेल, तितकी फुटलेली साखर अधिक. कोवळ्या उंसांतहि ती अधिकच असते. मग ऊस कोवळा तोडला कीं वाटेंत शिळा झाला, तें मात्र गाडीवानालाच विचारावें लागे.