अवकाशप्रवास, खाजगी

खाजगी कंपनीने स्वतःच्या मालकीच्या यानातून, मोबदला घेऊन माणसांना अवकाशात नेणे, यास खाजगी अवकाशप्रवास म्हणतात. १९६१ पासून सु. चाळीस वर्षे हे कार्य सोव्हिएट संघ (१९९१ नंतर रशिया) व अमेरिका या दोनच देशांच्या शासकीय यंत्रणांकडे होते. २००३ मध्ये त्यांत चीनची भर पडली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतील ही व्यवस्था मुळापासून बदलली. या बदलाचे वर्णन शासनाची माघार असे पुष्कळदा केले जाते. तथापि खाजगी यानांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक शासनच राहिले आणि त्यांच्या विकासासाठी लागलेला पैसाही बऱ्याच अंशी शासनाचाच होता. यानाची मालकी, वाढीव खर्चाचा भार आणि प्रवाशांच्या जीविताची जबाबदारी या तीन गोष्टींत मात्र मूलगामी फरक पडला. त्यांपैकी तिसरीचा निकाल अद्याप पुरता लागलेला नाही.

पूर्वपीठिका : अमेरिकेच्या मानवी अवकाशप्रवासात खाजगी कंपन्या पहिल्यापासून होत्या. मर्क्युरी व जेमिनी ही याने मॅक्डॉनेल कंपनीने बांधली, अपोलोचे मुख्य यान नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनने आणि चंद्रावर उतरणारे यान ग्रमन कंपनीने. परंतु आराखड्यावर अंतिम हुकूमत राष्ट्रीय वैमानिकी व अवकाश प्रशासनाची, म्हणजे नासाची असे. बांधून झालेले यान नासाच्या मालकीचे होई आणि त्याचे उड्डाणही नासाच करी. कंत्राटे बहुधा ‘होईल तो खर्च आणि त्यावर ठरलेला नफा’ या पद्धतीची असत. जे यंत्र पूर्वी कोणी बांधलेलेच नाही, त्याची किंमत आधी सांगणे कोणत्याही कंपनीला शक्य नव्हते, म्हणून त्या काळी ही पद्धत योग्यच होती. मात्र काम लांबले किंवा खर्च वाढला, तर तोटा करदात्याचा होई आणि काटकसर करण्याचे कंपनीला कारण उरत नसे. जबाबदारीबाबत मात्र संदिग्धता नव्हती. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरील चाचणीत अपोलो यानाला आग लागून तीन अंतराळवीर मरण पावले, तेव्हा यान बांधणाऱ्या कंपनीवर टीका झाली खरी. पण काँग्रेसपुढे उत्तरे द्यावी लागली ती मुख्यतः नासाला.

अवकाश विमान (स्पेस शटल) १२ एप्रिल १९८१ रोजी प्रथम उडाले. त्याच्या फेऱ्या वारंवार व स्वस्तात होतील, अशी अपेक्षा होती. १९८४ मध्ये मॅक्डॉनेल डग्लस कंपनीचा अभियंता चार्ल्स वॉकर कंपनीच्या औषधनिर्मितीविषयक प्रयोगासाठी या विमानातून गेला; उद्योगसंस्थेने पाठविलेला हा पहिला अवकाशयात्री होय. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर नष्ट होऊन सात जण ठार झाले. त्यांत ख्रिस्ता मकॉलिफ ही शाळाशिक्षिकाही होती. या अपघाताने सामान्य नागरिकांना अवकाशात नेण्याची कल्पना दीर्घकाळ मागे पडली. १९९६ मध्ये अवकाश विमानांच्या दैनंदिन कामाचे कंत्राट युनायटेड स्पेस अलायन्स या संयुक्त कंपनीस देण्यात आले, पण विमाने शासनाचीच राहिली. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया विमान परतताना भंगले व कर्नालमध्ये जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सातही यात्री मृत्यू पावले. पुढच्याच वर्षी ही विमाने निवृत्त करण्याचा निर्णय जाहीर झाला. १३५ वे व अखेरचे उड्डाण जुलै २०११ मध्ये झाले.

तिकिटाचा प्रवास : पैसे घेऊन अवकाशात नेण्याची प्रथा भांडवलशाही अमेरिकेने नव्हे, तर मॉस्कोने पाडली. डिसेंबर १९९० मध्ये तोयोहिरो आकियामा हा जपानी पत्रकार त्याच्या दूरचित्रवाणी कंपनीच्या खर्चाने मीर स्थानकावर गेला. सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर पैशाची चणचण इतकी होती, की २००० साली मीरवरील एक मोहीम मीरकॉर्प या कंपनीच्या पैशावर पार पाडली गेली. या कंपनीमार्फत जाऊ इच्छिणारा अमेरिकन धनिक डेनिस टिटो मीर स्थानक मार्च २००१ मध्ये पाडण्यात आल्यामुळे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे वळला. नासाने त्यास कडाडून विरोध केला आणि ह्यूस्टन येथे त्याला प्रशिक्षण देण्याचे नाकारले. तेव्हा त्याच्या रशियन सहकाऱ्यांनीही त्याच्यावाचून प्रशिक्षण घेण्याचे नाकारले. अखेर २८ एप्रिल २००१ रोजी सु. २ कोटी डॉलर मोजून टिटो सोयूझ यानातून गेला. २००९ पर्यंत अशा सात जणांनी मिळून आठ प्रवास केले. यान, प्रक्षेपक व तळ हे सारे रशियन शासनाचेच होते. खाजगी होते ते फक्त तिकीट.

खाजगी यानाने माणूस प्रथम अवकाशात गेला तो २१ जून २००४ रोजी. बर्ट रुटान यांनी आखलेले व पॉल ॲलन यांच्या पैशातून बांधलेले स्पेसशिपवन हे छोटे यान कॅलिफोर्नियातील मोहावी येथून वाहक विमानाने उंच नेऊन सोडण्यात आले आणि माइक मेलव्हिल या वैमानिकाने ते १०० किमी.च्या वर नेले. तीन माणसे वाहू शकणारे एकच यान दोन आठवड्यांत दोनदा त्या उंचीवर नेणाऱ्यास १ कोटी डॉलरचे पारितोषिक १९९६ मध्ये जाहीर झाले होते. २९ सप्टेंबर व ४ ऑक्टोबर २००४ च्या उड्डाणांनी ते या यानाने जिंकले. ही उड्डाणे उपकक्षीय, म्हणजे पृथ्वीची प्रदक्षिणा न घालता वर जाऊन खाली येणारी होती. कक्षेत राहण्यासाठी सेकंदाला सु. ७·८ किमी. वेग लागतो. उपकक्षीय यानाचा वेग त्याच्या जेमतेम अष्टमांश असतो, आणि लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दोहोंतील अंतर प्रचंड आहे. जुलै २०२१ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन व जेफ बेझोस यांनी नऊ दिवसांच्या अंतराने आपापल्या यानांतून केलेल्या, आणि गाजलेल्या, सफरी याच वर्गातील होत्या. प्रसिद्धीच्या मानाने त्यांचे तांत्रिक महत्त्व मर्यादित आहे.

कंत्राटातील बदल : खरे स्थित्यंतर एका हिशेबी निर्णयाने घडले. २००६ मध्ये नासाने अवकाश स्थानकाकडे माल नेऊ शकणारी याने विकसित करण्यासाठी कंपन्यांना निश्चित रक्कम देऊ केली. ठरलेला टप्पा गाठल्यावरच हप्ता मिळे, उरलेला खर्च कंपनीने करावयाचा होता आणि यान कंपनीचेच राहणार होते. निवडलेल्या दोन कंपन्यांपैकी रॉकेटप्लेन किस्लर भांडवल उभे करू न शकल्याने पुढच्याच वर्षी बाहेर पडली. दुसरी ईलॉन मस्क यांनी २००२ मध्ये स्थापन केलेली स्पेसएक्स. तिचा फाल्कन १ हा छोटा प्रक्षेपक लागोपाठ तीनदा फसला व २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथ्या खेपेस कक्षेत पोहोचला. त्याच डिसेंबरात नासाने तिला बारा मालवाहू फेऱ्यांचे १६० कोटी डॉलरचे कंत्राट दिले. या कंत्राटाविना कंपनी तगली असती, असे म्हणणे कठीण आहे. मे २०१२ मध्ये तिचे ड्रॅगन यान स्थानकास जोडले गेले. फाल्कन ९ प्रक्षेपकाच्या विकासावर कंपनीने सु. ३० कोटी डॉलर खर्च केले होते. रूढ पद्धतीने त्यास याच्या कितीतरी पट खर्च आला असता, असे नासाच्या २०११ मधील अभ्यासात दिसून आले.

मालाकडून माणसांकडे जाणे हे पुढचे पाऊल होते. अवकाश विमाने थांबल्यावर अमेरिकन अंतराळवीरांना जवळजवळ नऊ वर्षे सोयूझवर अवलंबून राहावे लागले आणि एका जागेची किंमत अखेरीस सु. ९ कोटी डॉलरपर्यंत चढली. सप्टेंबर २०१४ मध्ये नासाने बोइंगला ४२० कोटी व स्पेसएक्सला २६० कोटी डॉलरची, निश्चित रकमेची कंत्राटे दिली. बोइंग ही अनुभवी म्हणून भरवशाची आणि दुसरी धाडसी पण बेभरवशाची, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. ३० मे २०२० रोजी डग्लस हर्ली व रॉबर्ट बेनकन ड्रॅगनमधून निघाले. खाजगी मालकीच्या यानातून माणसे कक्षेत गेल्याचा हा पहिला प्रसंग होय. बोइंगच्या स्टारलायनर यानाचे डिसेंबर २०१९ मधील निर्मनुष्य उड्डाण मात्र घड्याळातील चुकीमुळे स्थानकापर्यंत पोहोचू शकले नव्हते.

५ जून २०२४ रोजी स्टारलायनरमधून बॅरी विल्मोर व सुनीता विल्यम्स हे सु. आठ दिवसांसाठी गेले. स्थानकाजवळ येताना यानाचे काही लहान इंजिनक बंद पडले आणि हीलियम वायूची गळतीही होत होती. यान परतीस योग्य आहे, असे बोइंगच्या तज्ञांचे मत पडले. नासाच्या तज्ञांना तशी खात्री देता येईना. यान कंपनीचे असले, तरी अंतराळवीर शासनाचे होते आणि करारानुसार अखेरचा शब्द नासाचा होता. २४ ऑगस्ट रोजी नासाने यान रिकामे परत आणण्याचे ठरविले. ते सप्टेंबरात न्यू मेक्सिकोत सुखरूप उतरले. यावरून निर्णय अनाठायी होता असे ठरत नाही, कारण तो घेताना धोका मोजताच येत नव्हता. दोघे अंतराळवीर १८ मार्च २०२५ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांहून अधिक काळाने, ड्रॅगनमधून परतले. निश्चित रकमेच्या करारामुळे या प्रकल्पातील २०० कोटी डॉलरहून अधिक तोटा बोइंगला सोसावा लागला. जुन्या पद्धतीत तो शासनाच्या माथी गेला असता. दोन कंपन्या निवडण्याचे शहाणपणही यात दिसून आले. मात्र स्टारलायनर बाजूस पडल्याने अमेरिकेजवळ स्थानकाकडे माणसे नेणारे एकच यान उरले आणि ते एका व्यक्तीच्या वर्चस्वाखालील कंपनीचे होते. ५ जून २०२५ रोजी अध्यक्ष ट्रंप यांच्याशी झालेल्या जाहीर वादात मस्क यांनी ड्रॅगन सेवेतून काढण्याची घोषणा केली व काही तासांतच ती मागे घेतली. सोयूझवरील अवलंबित्व संपविण्यासाठी आखलेल्या योजनेचा हा परिणाम कोणी अपेक्षिला नव्हता.

शासकीय प्रवासी नसलेली पहिली कक्षीय मोहीम सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. तीत जॅरेड आयझॅकमन या उद्योजकासह चौघे तीन दिवस पृथ्वीप्रदक्षिणा करीत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनीच खाजगी मोहिमेतील पहिली यानबाह्य हालचाल केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते नासाचे प्रशासक झाले. एप्रिल २०२२ पासून ॲक्सिअम कंपनी ड्रॅगन यानातून स्थानकावर खाजगी मोहिमा पाठवू लागली. तिच्या चौथ्या मोहिमेत जून २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाचे शुभांशु शुक्ला यानचालक म्हणून गेले. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूट ७ वर गेले, ते भारत व सोव्हिएट संघ या दोन शासनांमधील सख्यामुळे. शुक्ला यांची जागा मात्र भारत शासनाने अमेरिकन कंपनीकडून मोबदला देऊन घेतली होती. भारताच्या स्वतःच्या गगनयान प्रकल्पाची रचना मात्र जुन्या, शासकीय धर्तीचीच आहे.

कायदा व जबाबदारी : अवकाशातील कार्य केवळ राष्ट्रांनीच करावे, असा सोव्हिएट संघाचा १९६० नंतरच्या वाटाघाटींतील आग्रह होता. अमेरिकेस तो मान्य नव्हता. १९६७ च्या अवकाश करारातील सहावे कलम ही त्यातून निघालेली तडजोड होय. खाजगी संस्थांना मुभा मिळाली, परंतु त्यांच्या कृत्यांची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्यांच्या राष्ट्रावर ठेवण्यात आली आणि त्यांस परवानगी देणे व त्यांवर सतत देखरेख ठेवणे राष्ट्रास बंधनकारक झाले. ही जबाबदारी मुख्यतः इतर राष्ट्रांप्रती आहे. यानातील प्रवाशाचे संरक्षण हा देशांतर्गत कायद्याचा विषय राहिला.

अमेरिकेने डिसेंबर २००४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार संघीय विमानवाहन प्रशासन जमिनीवरील लोकांच्या सुरक्षिततेसाठी परवाना देते. प्रवाशास मात्र धोक्याची लेखी कल्पना देऊन त्याची संमती घेतली की पुरे. यानातील माणसांच्या सुरक्षिततेसाठी नियम करण्यास प्रशासनाला आठ वर्षे मनाई करण्यात आली. उद्योग बाल्यावस्थेत असताना नियमांनी तो गुदमरू नये, हे त्याचे कारण होते व ते अगदीच पोकळ नव्हते. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी स्पेसशिपटू या यानाची शेपटी उचलणारी यंत्रणा सहवैमानिकाने वेळेआधी मोकळी केल्याने यान हवेतच फुटले व तो ठार झाला. एका माणसाच्या एका चुकीने सर्वनाश होऊ शकेल, हे यान बांधणाऱ्या कंपनीने लक्षात घेतले नव्हते, असा ठपका अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने ठेवला. तरीही मनाईची मुदत वाढतच गेली. परिणामी एकाच ड्रॅगन यानाला दोन मोजमापे लागू झाली. नासाच्या अंतराळवीरांसाठी यात्रींच्या मृत्यूची संभाव्यता २७० त १ हून अधिक नसावी, अशी अट नासाने घातली व तिच्या पूर्ततेची छाननी केली. त्याच यानातून स्वतंत्र मोहिमेवर जाणाऱ्या खाजगी प्रवाशासाठी मात्र अशी कोणतीही अट कायद्यात नाही. २०२४ मध्ये काँग्रेसने ही मनाई १ जानेवारी २०२८ पर्यंत वाढविली.